परत आलेल्या अर्जांचा अल्बम

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि दुसऱ्याच दिवशी मी तिची खोली बळकावली. आईला हे शोभत नाही, मान्य. पण त्याआधीची चार वर्षं मी जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर अल्बम, भेटकार्डं आणि कागदी फुलं करत होते, आणि घरातली माणसं उरलेल्या तीन कोपऱ्यांवर अंग चोरून जेवत होती. एकदा नवऱ्याच्या घासात पंचमधून निघालेलं कागदी फुलपाखरू आलं. माशाचा काटा काढून ठेवावा तसं त्याने ते ताटाच्या कडेला ठेवलं आणि जेवत राहिला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आता मुलीच्या पलंगावर रंगांप्रमाणे लावलेले कार्डशीटचे गठ्ठे झोपतात, अभ्यासाच्या टेबलावर हिरवी कटिंग मॅट आहे आणि पुस्तकांच्या कप्प्यात टेप, रिबिनी आणि चमकीच्या डब्या. मी या खोलीला स्टुडिओ म्हणते. सासूबाई कारखाना म्हणतात. त्यांचं वय ब्याऐंशी. डबल टेपवरचा वरचा कागद सोलून देणं हे त्यांचं काम, आणि त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख त्या मुद्दाम वाढवून आहेत. कामासोबत मतंही येतात.

"एवढं करून लोक हे ठेवतात कुठे गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"जपून ठेवतात, आई. कपाटात."

"कपाटातच जायचंय तर इतकं नटवायचं कशाला?"

मी त्यांच्यापुढे टेपचं नवं रीळ सरकवलं.

तर एका गुरुवारी सकाळी एक पस्तिशीची बाई दारात उभी राहिली. बगलेत फाइल, चेहऱ्यावर पाठवणीला आल्यासारखा भाव. एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात ती काम करत होती. त्यांचे साहेब बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर पुढच्या शुक्रवारी निवृत्त होणार होते आणि सगळ्यांच्या वतीने त्यांना आठवणींचा अल्बम द्यायचा होता. चोवीस पानांचा.

"फोटो आणलेत?" मी विचारलं.

तिने पाकीट उलटं केलं. तीन फोटो पडले. एक ओळखपत्राचा. दुसऱ्यात साहेबांची पाठ होती. तिसऱ्यात अख्खं कार्यालय रांगेत उभं होतं आणि साहेबांचा अर्धा चेहरा भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यामागे गेला होता.

"बत्तीस वर्षांत तीनच?"

"फोटो काढायला कुणी त्यांच्याजवळ जात नाही," ती म्हणाली. "पण सगळ्यांकडून दोन-दोन ओळी लिहून आणल्यात."

सव्वीस चिठ्ठ्या होत्या. एकोणीस जणांनी 'पुढील आयुष्यास शुभेच्छा' लिहिलं होतं, तेही एकमेकांचं बघून. पाच जणांनी नुसती सही केली होती. एकाने 'वाचले' असं लिहून खाली तारीख टाकली होती. उरलेल्या एका चिठ्ठीवर काहीच नव्हतं. ती कोरी चिठ्ठी वाहनचालकाची होती, आणि त्याने ती विचारपूर्वक कोरी दिली होती म्हणे.

"साहेब फार कडक आहेत का?"

"कडक नाहीत हो, ताई. ओरडत नाहीत, काही नाही. फक्त अर्ज परत पाठवतात." तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "स्वल्पविराम चुकला, परत. वेलांटी चुकली, परत. समास कमी सोडला, परत. लाल पेनाने गोल करतात, बाजूला शेरा लिहितात आणि परत. माझा एक अर्ज अकरा वेळा परत आला होता. अकराव्यांदा मी जिन्यात बसून रडले."

सासूबाई पलंगाच्या कडेवरून म्हणाल्या, "मग त्याला अल्बम कशाला? घरी जातोय ना, जाऊ द्या."

"आजी, वर्गणी काढून झालीये," ती रडवेली होऊन म्हणाली.

दोन दिवस मी त्या तीन फोटोंकडे बघत बसले. निळ्या कार्डावर ठेवले, करड्यावर ठेवले, कडेने फुलं लावून पाहिली. फुलांमध्ये साहेबांची पाठ फारच दुःखद दिसायला लागली. शेवटी मी आवक-जावकवालीकडून चार-सहा जणांचे फोन नंबर घेतले. म्हटलं, बोलतं करावं, एखादा तरी किस्सा निघेल.

किस्सा एकच निघाला, वेगवेगळ्या आवाजांत. अर्ज परत आला. वाहनचालक तर फोनवरच तापला.

"वडिलांचं ऑपरेशन होतं, मॅडम. ऑपरेशन! मी रजेचा अर्ज दिला, तर तो पण परत. माणुसकी म्हणून काही असते की नाही?"

"काय चुकलं होतं?"

"काय लिहिलं होतं ते अजून आहे माझ्याकडे. फेकला नाही मी. खणात ठेवलाय. राग आला की काढून बघतो."

"वाचून दाखवता?"

खण उघडल्याचा आवाज आला. मग त्याने एकेक शब्द दातांखाली दाबत वाचलं, "'वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी दोनच दिवस मागणे योग्य नाही. सहा दिवसांसाठी नव्याने अर्ज करावा.' बघा! नव्याने अर्ज!"

"मग केला?"

"करतो काय."

"किती दिवस मिळाले?"

"सहा."

पलीकडे कागद पुन्हा उलगडल्याचा आवाज आला.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "मी नंतर फोन करतो."

मी लगेच आवक-जावकवालीला फोन लावला. परत आलेले अर्ज अजून कुणाकुणाकडे आहेत? तर सगळ्यांकडे! कुणी रागाने ठेवले होते, कुणी पुढेमागे तक्रार करता येईल म्हणून, कुणी सवयीने. दुसऱ्या दिवशी ती भाजीची पिशवी भरून अर्ज घेऊन आली. एरवी लाल गोल दिसले की कुणी शेरे वाचत बसत नव्हतं. कागद तसाच टायपिस्टबाईंच्या टेबलावर टाकायचा, त्या दुरुस्त करून द्यायच्या.

त्या दुपारी सासूबाईंनी भिंग घेतलं आणि एकेक शेरा मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'आपल्या आजी याआधी मार्चमध्ये वारल्या आहेत. कृपया अन्य नातेवाईक नमूद करावेत.'"

"काय सांगता!"

"थांब, पुढे ऐक. 'स्वतःच्या विवाहासाठी रजा मागताना वधूचा उल्लेख नसणे बरे दिसत नाही.'" त्यांनी डोळे पुसले. "आणि हे बघ, 'अर्जदार खुर्ची मोडल्याचे कळवतात. तीन आठवडे मोडक्या खुर्चीवर का बसले, याचा खुलासा करावा. माझी खुर्ची तूर्त घ्यावी.'"

आम्ही दोघी इतक्या हसलो की नवरा बाहेरून दाराशी आला. त्यालाही एक वाचून दाखवला. तो म्हणाला, "हा माणूस आमच्या ऑफिसला का नाही मिळाला?" आणि कधी नव्हे तो पलंगावरचे गठ्ठे सरकवून आत बसला. उठला तेव्हा पँटच्या मागे सोनेरी चमकी लागली होती. मी सांगितलं नाही.

अल्बम कसा करायचा ते आता कळलं होतं. प्रत्येक पानावर एक कागदी खिसा, खिशात परत आलेला अर्ज, वर ओढायला लाल रिबिनीची जीभ. ओढलं की अर्ज बाहेर येतो आणि शेजारी ज्याचा त्याचा चेहरा. चेहरे मी सगळ्यांकडून मागवले. खुर्चीच्या पानावर घडीतून उभी राहणारी कागदी खुर्ची केली. तिचे पाय चार वेळा मोडले. आवक-जावकवाली रोज संध्याकाळी यायची आणि दारातूनच विचारायची, "त्यांना राग आला तर?"

"येऊ दे. निवृत्त होतायत," मी म्हणायचे. "आता काय परत पाठवणार आहेत?"

मुखपृष्ठ शेवटी केलं. जाड करड्या पुठ्ठ्यावर एकेक अक्षर कटरने कापून चिकटवलं. पहाटे उठून कापत होते. सासूबाईंनी टेप सोलला, नवऱ्याने अक्षरं सरळ रेषेत आहेत का ते पट्टी धरून बघितलं, आवक-जावकवालीने हात लावून वा वा केलं. चौघांनी बघितलं.

निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांनी मलाही बोलावलं. बैठकीच्या खोलीत खुर्च्या लावल्या होत्या, चहाचे कप होते, एक पुष्पगुच्छ होता. साहेब बारीक चणीचे, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले. दोन भाषणं झाली. दोन्ही लिहून आणलेली होती आणि वक्ते प्रत्येक स्वल्पविरामापाशी थांबून साहेबांकडे बघून घेत होते.

मग अल्बम त्यांच्या हातात दिला. त्यांनी मुखपृष्ठाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खिशाकडे हात गेला.

"नको, नको," माझ्या शेजारी टायपिस्टबाई पुटपुटल्या.

लाल पेन बाहेर आलं. साहेबांनी मुखपृष्ठावरच्या 'हार्दीक शुभेच्छा'मधल्या दीर्घ वेलांटीभोवती शांतपणे एक गोल काढला.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चौघांनी बघितलं होतं हो! साहेबांनी पान उलटलं. लाल रिबीन ओढली. अर्ज वर आला. त्यांनी तो वाचला, चेहऱ्याकडे पाहिलं, पुढचं पान. आजीचा अर्ज. लग्नाचा अर्ज. खुर्ची उभी राहिली तेव्हा त्यांनी पान मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. खोलीत कुणी चहाचा घोटसुद्धा घेत नव्हतं.

मग एका पानावर ते थांबले. चष्मा काढला, पुसला, लावला.

"हा शेरा माझाच आहे," ते म्हणाले. "सात वर्षांपूर्वीचा. 'त्रुटींची पुर्तता करावी.' पूर्ततेतला पू ऱ्हस्व लिहिलाय मी." त्यांनी स्वतःच्या अक्षराभोवती गोल काढला आणि खाली सही करून तारीख टाकली. "टायपिस्टबाई, हा कागद तुमच्याकडे आला होता ना? सांगितलं का नाहीत?"

टायपिस्टबाई उभ्या राहिल्या. "भीती वाटली, साहेब."

"चूक दाखवायची?"

"हो."

"माझी?" साहेब खरोखर चकित झाले होते. बत्तीस वर्षांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, असं दिसलं. "मी तर वाट बघत होतो कुणीतरी दाखवेल म्हणून. एकट्यानेच चुका काढायचा कंटाळा येतो."

तेवढ्यात मागून वाहनचालक उठला. "साहेब," तो म्हणाला, "वडील बरे आहेत. मी तेव्हा सांगितलं नव्हतं."

"चालतात का?"

"रोज दोन किलोमीटर."

"छान," साहेब म्हणाले, आणि उगीचच पेनाचं टोपण लावत राहिले. ते लागायला फार वेळ लागला.

टाळ्या झाल्या, चहा झाला. सगळं गोड झालं असं म्हणून मी पर्स उचलते, तोच साहेबांनी शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि अल्बम माझ्या हातात ठेवला. लाल अक्षरांत होतं: 'काम उत्तम. मुखपृष्ठाची दुरुस्ती करून पुन्हा सादर करावे.'

आवक-जावकवालीने माझा दंड धरला. "ताई," ती आनंदाने म्हणाली, "तुमचा पण परत आला!"

शनिवार-रविवार मी ती एक वेलांटी उपसत बसले. मागचा कागद न फाटता चिकटवलेलं अक्षर काढणं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं.

"अल्बम न्यायला आलोय," बाहेरून आवाज आला. "आणि नवव्या पानावरचा खिसा अर्धा सेंटिमीटर तिरका आहे, तेही सांगायचं होतं."

एक तर माझी बोटं डिंकाने सुजली होती. मी कटर आणि पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. "बसा, साहेब. तुम्हीच सरळ कापून दाखवा."

ते बसले. बाह्या दुमडल्या. जीभ दातांत धरून कापलं. कागदाची एक बाजू दुसरीहून चांगली बोटभर मोठी आली. साहेबांनी तो कागद उजेडात धरून पाहिला.

"पट्टी सरकली," सासूबाई म्हणाल्या. "डाव्या हाताने दाबून धरायची. करंगळी बाहेर."

"पुन्हा करतो."

कागदाची दुसरी पट्टीही वाकडी, तिसरीही. अकराच्या सुमारास सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि डबल टेप सोलायलाही शिकवलं. नख नसल्यामुळे त्यांना ते जमेना. दीड वाजता ते उठले, तेव्हा पांढऱ्या शर्टावर कागदाचे कण होते, वरचं बटण उघडं होतं, आणि कापलेल्या एकवीस कागदी पट्ट्यांपैकी एक अगदी सरळ होती. तीच नेमकी खिशातल्या वहीत ठेवून घरी घेऊन गेले. अल्बम विसरले.

संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. साहेबांच्या पत्नी बोलत होत्या.

"अहो, हे सांगत होते की तुमच्याकडे कागदकामाचा क्लास असतो."

"नाही हो," मी म्हटलं. "क्लास वगैरे मी घेत नाही. त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय."

पलीकडे दार लोटल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आला. "आज सकाळी आठ वाजता यांनी माझ्या किराणाच्या यादीत सात चुका काढल्या. मी बत्तीस वर्षं ती यादी लिहितेय." मग घाईने म्हणाल्या, "काढा ना क्लास. रोज असला तरी चालेल."

मी पलंगाकडे पाहिलं. त्यावर एक माणूस बसेल एवढी जागा नव्हती. मग उठले आणि निळ्या कार्डशीटचे गठ्ठे उचलून नवऱ्याच्या बाजूच्या कपाटात ठेवायला लागले.