आडवा चिकटलेला तुकडा

"ताई, तुकडा उभा हवा होता ना? हा तर आडवा चिकटलाय!"

संशोधक मुलगी तुकड्याचा कालचा फोटो पडद्यावर मोठा करून बघत होती. स्फटिकाचा तो तुकडा केव्हाच चुंबकाच्या पोटात, हेलियमच्या कडाक्याच्या थंडीत उतरला होता. बाहेर काढायचा तर आजचा दिवस हातचा जाणार, आणि या मोठ्या चुंबकाची पाळी पुन्हा वर्षभर मिळणार नव्हती.

तिळाएवढ्या स्फटिकांना केसाहून बारीक तारा जोडण्यात ताईंचं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या हातावर सगळे डोळे झाकून विसंबत. अलीकडे मात्र तो हात थरथरायचा. काल चिमट्यातून तुकडा कलंडला, तो त्यांनी घाईघाईत कसाबसा चिकटवला.

"माझंच चुकलं गं. हात कापतो हल्ली. सांगायची लाज वाटली."

मुलीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग हलकेच म्हणाली, "हा लोखंडाचा अतिवाहक. गार केला की विजेला जराही अडवत नाही. पण चुंबकाचा जोर वाढला की असे पदार्थ हात टेकतात. स्फटिकातल्या थरांच्या बाजूने आलेला जोर बराच सोसतात, आरपार आला तर लवकर मोडतात. आपल्या आडव्या तुकड्यात तो आता आरपारच येणार."

"मग बंद करायचं?"

"छे! इथवर आलोय तर बघू तरी."

जोर चढत गेला. विजेला होणारा अडथळा दाखवणारी पडद्यावरची रेघ शून्याला चिकटून होती.

"आता सुटेल," मुलगी पुटपुटली.

सुटली नाही. चुंबकाने होता नव्हता तो सगळा जोर लावला, तरी रेघ जागची हलली नाही.

"ताई, हा आडवासुद्धा हटत नाही हो!" मुलगी खुर्चीतून उठलीच. "उभा लावला असता तर आज हे कळलंच नसतं. पुढच्या पाळीला उभा लावून ताडून बघू."

"तो तू लावायचास."

"मी? माझ्या हातून किती तुटतील!"

"तुटू देत. माझ्या हातून काय कमी तुटले?" ताई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं हसल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी ताईंच्या खुर्चीत, सूक्ष्मदर्शकापुढे बसली. दोन तारा निसटल्या. तिसरीला तिने श्वास रोखला.

"रोखू नकोस, सोड," ताई शेजारून म्हणाल्या.

तार बसली. मुलगी मान चोळत म्हणाली, "ही खुर्ची मला फार बुटकी पडते."

ताई खाली वाकल्या आणि कितीतरी वर्षांत कुणी न हलवलेला खुर्चीचा खटका त्यांनी दोन्ही हातांनी ओढला.