कोणाचं ठेवायचं?

महारुद्रची एक खोड धम्मशीलाला तोंडपाठ होती. दोघांनी एकाच फाईलमधली एकच ओळ वेगवेगळी बदलली की गिट, म्हणजे सगळ्यांचं कोड एकत्र सांभाळणारा प्रोग्राम, अडून बसतं. दोघांचं लिहिलेलं खालीवर मांडतं आणि विचारतं, कोणाचं ठेवायचं? शहाणा माणूस दोन्ही वाचतो. महारुद्र 'माझं ठेवा' दाबायचा आणि चहा मागवायचा.

परभणीतल्या बन्सीधर सरांच्या सॉफ्टवेअर कंपनीत तो सगळ्यांत जुना. कंपनी म्हणजे काय, खाली ठिबकच्या नळ्यांचं गोदाम आणि वर पाच खुर्च्या. धम्मशीला रोज चुडाव्याहून रेल्वेनं यायची. पाथरीकडच्या एका पाणीवापर संस्थेसाठी कालव्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम तिनं तीन महिने खपून लिहिला होता. कोणाच्या शेताला कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून, किती तास पाणी. त्यासाठी भर उन्हात कालव्यातून फुटणाऱ्या चाऱ्यांवर हिंडून तिनं शेतकऱ्यांच्या याद्या आणल्या होत्या.

सगळं काम तिच्या ब्रांचवर, म्हणजे मुख्य कामापासून वेगळ्या ठेवलेल्या प्रतीवर होतं. ते संपत आलं तेव्हा महारुद्रनं ती ब्रांच रीतसर मर्ज केलीच नाही, तिच्या नावासकट मुख्य कामात मिसळलीच नाही. तिच्या फाईली उचलल्या, वर 'लेखन : महारुद्र' अशी ओळ चिकटवली, आपल्या नावानं मुख्य ब्रांचमध्ये टाकल्या आणि तिची ब्रांच सर्व्हरवरून पुसून टाकली. गिट बिचारं प्रामाणिक. जो टाकतो त्याचं नाव लावतं.

ती तक्रार घेऊन गेली. सरांनी फाईल उघडली, तर ओळीओळीपुढे महारुद्र.

"माझ्या लॅपटॉपवर जुनी सगळी नोंद हाय सर. बघा तरी."

"सोताच्या लॅपटॉपवर तू काय बी ठेवशील की," सर म्हणाले.

महारुद्र शेजारीच उभा होता. "इच्यात तिची एक ओळ बी न्हाई सर. याद्या तेवढ्या आणल्या तिनं."

त्याच आठवड्यात तो टीम लीड झाला आणि त्यानं पेढे वाटले. धम्मशीलानं पेढा घेतला आणि चुडावा येईपर्यंत मुठीत चुरत राहिली. रडू आलं नाही, नुसती तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याच गाडीत तिला आठवलं, की त्या चोरीच्या मालात तिची स्वतःची एक चूक आहे.

पाळी महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुरू होऊन पुढच्या एक तारखेला संपली, की तास उणे यायचे. दुरुस्ती दोन ओळींची. ती करणार तेवढ्यात चोरी झाली. महारुद्रला चूक कळण्याचा प्रश्नच नव्हता, त्यानं चोरलेलं वाचलं कुठे होतं?

नुसतं गप्प बसूनही भागलं असतं. पण मग उद्या तोच म्हणाला असता, हिला ठाऊक होतं आणि हिनं लपवलं. तेवढीही पळवाट तिला ठेवायची नव्हती. पद मिरवायला महारुद्रनं नावाची ओळ बदलून 'लेखन : महारुद्र, टीम लीड' केली, तो दिवस तिनं साधला. त्याचा बदल आपल्याकडे न घेताच तिनं नेमकी तीच ओळ 'लेखन : धम्मशीला' अशी केली. तिला लागूनच खाली दुरुस्तीच्या दोन ओळी. सोबत नोंद लिहिली, 'महिनाअखेरची पाळी उणे येते. ही दुरुस्ती घ्यायलाच हवी.' आणि पाठवून दिलं.

गिट अडलं. महारुद्रला दिसलं ते फक्त तिचं नाव.

"माझ्या फाईलीत सोताचं नाव घालायलीस व्हय गं?" तो आपल्या खुर्चीतूनच ओरडला आणि त्यानं बटण दाबलं. नावाबरोबर दोन ओळीही गेल्या.

"चुकलं सर," ती म्हणाली. एवढं गोड ती त्या ऑफिसात कधी बोलली नव्हती. त्यानं चहा मागवला.

संस्थेला प्रोग्राम दाखवायचा तेव्हा नमुन्याची नावं निवडायचं काम याद्यांवालीकडेच आलं. तिनं पहिलंच नाव घेतलं संस्थेच्या अध्यक्षांचं, तात्यारावांचं. त्यांची पाळी एकतीस जानेवारीच्या संध्याकाळी सहापासून एक फेब्रुवारीच्या सकाळी सहापर्यंत.

प्रोजेक्टरवरून भिंतीवर आकडा उमटला. उणे सातशे बत्तीस तास.

तात्यारावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "म्हंजी महिनाभर म्याच कालव्याला पाणी द्यायचं का?"

सगळे हसले. बन्सीधर सर हसले नाहीत. "महारुद्र, हितंच नीट कर."

महारुद्र फाईल वर नेई, खाली आणी. दहा मिनिटं गेली.

"लिवणाऱ्यालाच ठावं न्हाई व्हय?" तात्याराव म्हणाले.

"धम्मशीला, जरा बघतीस का?" महारुद्रचा आवाज लय बारीक झाला होता.

"इच्यात माझी एक ओळ बी न्हाई सर. तुमीच तर सांगितलं."

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि नोंदी उघडल्या. तिची नोंद त्यांनी मोठ्यानं वाचली. तिच्याच वर महारुद्रच्या नावानं मर्ज, आणि त्यात गळलेल्या त्या दोन ओळी. ते धम्मशीलाकडे वळून म्हणाले, "तुझ्या लॅपटॉपवरलं ते जुनं दाखव."

तीन महिन्यांच्या नोंदी भिंतीवरून सरकू लागल्या. तात्यारावांनी आता तिला नीट पाहिलं. "ही पोरगी तर आमच्या चारीवर वही घेऊन हिंडत व्हती की!"

"दुरुस्ती पाठवते सर," धम्मशीला म्हणाली. "पण मर्ज टीम लीडनंच करायचं असतंय."

तिनं ती लॅपटॉपवरच्या आपल्या जुन्या ब्रांचवरूनच पाठवली, वर स्वतःच्या नावाची ओळ घालून, मुद्दाम. गिट पुन्हा अडलं. भिंतीवर हातभर अक्षरांत वर 'महारुद्र, टीम लीड', खाली 'धम्मशीला', आणि तोच प्रश्न. महारुद्रनं सवयीनं बोट 'माझं ठेवा'वर नेलं.

"वाचून घ्या सर," ती म्हणाली. "घाई न्हाई."

त्यानं वाचलं. सगळ्यांदेखत तिचं ठेवलं. तात्यारावांची पाळी बरोबर बारा तास आली.

मग धम्मशीलानं चहा मागवला.