आठ जणांची मोट

ऑरिन हाउगस्टाडला या सगळ्या खटाटोपातून मिळणार होतं ते एवढंच: वाळवंटातल्या उन्हात पाच दिवस गोल्फ, आणि तोही फुकट. ॲरिझोनातल्या त्या रिसॉर्टचा नियमच होता. वसंतात आठ जणांची टोळी जो आणेल, त्याचा खेळ आणि त्याची खोली रिसॉर्टकडून. सात जणांनी पैसे मोजायचे, आठव्याने मिरवायचं. विमानाचं तिकीट ऑरिन विमान कंपनीकडे साठवलेल्या मैलांवर काढणार होता. यंदा त्याला मिरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण छपरावर साचलेला बर्फ वितळून स्वयंपाकघराचं छत फुगून खाली आलं होतं आणि त्याच्या बायकोने, लॉर्नाने, खालचं पाणी पुसता पुसता अगदी शांतपणे सांगितलं होतं, "जा की. मी कुठे नको म्हणतेय? फक्त या घरातला एक डॉलरही त्या चेंडूमागे जायला नको."

म्हणजे फुकट जमलं तर वाळवंट, नाहीतर उत्तरेतलं आपलं गाव, डलूथ. आणि डलूथला वसंत कॅलेंडरवर मार्चमध्ये येतो. अंगणात पोचायला त्याला मे उजाडतो. सरोवर अजून पांढरंफटक होतं. ऑरिनने तळघरातल्या गालिच्यावर चेंडू ढकलून ढकलून एक चरी पाडली होती, आणि हिरवं गवत कसं दिसतं ते आठवायला त्याला रिसॉर्टचं माहितीपत्रक काढावं लागत होतं.

माणसं जमवणं काही अवघड नव्हतं. दरवर्षीचीच टोळी. अवघड होतं त्यांच्या तोंडून काही वदवून घेणं.

"वेंडेल, सकाळचं विमान घेऊ की दुपारचं?"

"मला काय, कसंही चालेल."

"मग सकाळचं घेतो."

"घे की." मग फोनवर कपात चमचा ढवळल्याचा आवाज. "पहाटे चारला उठावं लागेल म्हणा."

"म्हणजे दुपारचं घेऊ?"

"मी कुठे तसं म्हटलं? तुला सोयीचं असेल ते बघ."

ऑरिनने दुपारचं घेतलं. तेव्हा टोळीतल्याच पामरचा फोन आला की काही हरकत नाही हां, त्याची बायको त्या वेळी त्याला विमानतळावर सोडू शकत नाही, पण तो बसने येईल, बर्फ असला तरी. ऑरिनने फोन ठेवला आणि आणखी दोन विमानं बघितली. प्रत्येक जण कशालाही तयार होता आणि एकालाही काहीही चालत नव्हतं. चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक लावण्यात घालवलेला हा माणूस. रडणारी पोरं, भांडणाऱ्या आया, बंद पडलेली इंजिनं सगळं त्याने निभावलं होतं. पण "तू म्हणशील तसं" म्हणणारे सहा म्हातारे त्याच्याच्याने आवरेनात.

आता या गावची एक रीत आहे. कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा म्हणायचं, नको. दुसऱ्यांदा म्हणायचं, कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, अर्धाच कप. आणि मग काठोकाठ भरलेला कप दोनदा घ्यायचा. जे कॉफीचं तेच वडीच्या शेवटच्या तुकड्याचं, तेच बर्फात रुतलेल्या गाडीला धक्का देण्याचं आणि तेच गोल्फचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर परगावचा.

टोळीतला सातवा होता आर्व्हिड नीक्विस्ट. बायको गेल्यापासून एकटा राहायचा, वर्षभर कुणाकडे जायचा नाही, पण वाळवंटात दरवर्षी यायचा. ऑरिनने त्याला पहिल्यांदा विचारलं ते चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला.

"छे, मी आता कुठे येतो," आर्व्हिड म्हणाला. "माझ्यामुळे तुमचा खेळ रेंगाळेल."

हे ठरल्याप्रमाणेच झालं. दुसऱ्यांदा ऑरिनने फोनवर संदेश पाठवला, कारण त्या दिवशी वेंडेल आणि त्याच्या विमानांनी त्याचं डोकं उठवलं होतं. उत्तर आलं, "नकोच. तुम्ही तरुण मंडळी जा." आर्व्हिड ऑरिनपेक्षा तीन वर्षांनी मोठा. एरवी ऑरिन हसला असता, दोन दिवस थांबला असता आणि तिसऱ्यांदा त्याच्या दारात गेला असता. पण त्या दिवशी सगळ्यांच्या नको-चालेल-बघ-तूच-ने तो इतका विटला होता, की त्याने फोनकडे बघून मोठ्याने म्हटलं, "बरं बाबा, नको तर नको! एक तरी माणूस स्पष्ट बोलला!"

इथेच चुकलं.

"डेलमारला विचार ना," लॉर्ना म्हणाली. डेलमार तिचा धाकटा भाऊ. तीस वर्षं न्यू जर्सीत काढून नुकताच गावी परतला होता. ऑरिनला तो मेहुणा म्हणून चालायचा, पण जेवणापुरताच. तरी आठवा माणूस हवा होता. त्याने डेलमारच्या गॅरेजमध्ये जाऊन, गावच्या पद्धतीने, आधीच माघार घेत विषय काढला.

"तुला काही जमायचं नाही म्हणा, पण आम्ही ॲरिझोनाला..."

"जमेल! कधी निघायचं?"

ऑरिन दचकून मागच्या फावड्यावर आपटला.

"खिडकीची जागा माझी," डेलमार म्हणाला. "आणि खोलीत मी एकटा, घोरतो मी. आणि ऐक ऑरिन, रात्रीचं मांस भाजणं माझ्याकडे. तुमच्या गावात मिठालाच मसाला म्हणतात."

"तुमच्या गावात काय? तुझंही गाव आहे हे."

"म्हणून तर पळालो होतो."

काही का असेना, आठ भरले. ऑरिनने रिसॉर्टला नावं कळवली आणि विमानतळावरून न्यायला भाड्याची मोठी गाडी ठरवून तिचं भाडं स्वतःच्या कार्डावर भरून टाकलं. रिसॉर्टला पोचल्यावर सगळे आपापला वाटा देतीलच, लॉर्नाला कळायच्या आत. त्या संध्याकाळी तळघरातल्या चरीतून चेंडू सलग पाच वेळा पेल्यात गेला.

मग गुडघे दुखायला लागले.

पहिला वेंडेलचा. "जरा कुरकुरतोय रे. तू मनाला लावून घेऊ नकोस. बहुतेक नाही जमायचं." त्याच दुपारी पामरचा. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांचे. एका मंगळवारी चार गुडघे म्हटल्यावर ऑरिनच्याही डोक्यात प्रकाश पडला. त्याने वेंडेलला परत फोन लावला.

"कुठला गुडघा म्हणालास?"

"तो आपला... डावा."

"डावा तर गेल्या वर्षी नवीन बसवलाय!"

"म्हणूनच ना."

"वेंडेल, सरळ बोल."

सरळ बोलायला वेंडेलला अर्धा तास लागला. आधी हवा झाली, मग बर्फावरची मासेमारी, मग पामरच्या बायकोचे डोळे. शेवटी तो म्हणाला, "परवा आर्व्हिडच्या घरावरून जात होतो. दारातला बर्फ काढत होता. म्हटलं, बॅग भरली का? तर म्हणाला, नाही, यंदा ऑरिनने दोनदाच विचारलं."

ऑरिनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तो काही म्हणत नाहीये हां," वेंडेलने घाईघाईने सांगितलं. "बरा आहे तो."

त्या गावात एखादा "बरा आहे" असं कुणी म्हटलं, की शेजारी जेवण शिजवून त्याच्या दारात नेऊन ठेवतात.

ऑरिन तसाच उठला आणि आर्व्हिडकडे गेला. दारातूनच त्याला दिसलं, शेगडीपाशी वर्तमानपत्रावर गोल्फचे बूट घासूनपुसून वाळत ठेवलेले. फेब्रुवारीपासून ठेवलेले असावेत. खालचा कागद पिवळा पडला होता.

"आर्व्हिड, चल ना रे. तुझ्याशिवाय काय मजा?"

आर्व्हिडने खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं. "बरं," तो म्हणाला. "तुम्ही इतकं म्हणताय तर."

रात्रीच्या जेवणाआधी चारही गुडघे बरे झाले.

आणि आता माणसं झाली नऊ. वसंतात वाळवंटातली मैदानं ओसंडून वाहतात. चार-चारचे दोन गट म्हणजे दोनच, मध्ये एक माणूस घुसवायला रिसॉर्टने साफ नकार दिला. खाटाही आठच. कुणीतरी एक गळायला हवा होता, आणि तो कोण हे डेलमार सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ऑरिनने त्याला सुचवायचा आटोकाट प्रयत्न केला.

"तिथे ऊन फार असतं."

"ऊनच तर हवंय!"

"आमचा खेळ अगदी रटाळ असतो हां. तू कंटाळशील."

"मी आहे ना जान आणायला."

"आणि कसं झालंय, आर्व्हिडपण येतोय. म्हणजे आता नऊ झालोत."

"अरेरे," डेलमार मनापासून हळहळला. "मग कोण राहणार म्हणे?"

त्याला तोंडावर "तू" म्हणणं ऑरिनच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नसतं. बायकोचा भाऊ पडला वर. शेवटी त्याने डोकं लढवलं. सगळ्यांना रविवारी घरी कॉफीला बोलावलं आणि ठरवलं, आपण स्वतःच माघार घ्यायची. मंडळी तीनदा आग्रह करतील. टोळी जमवणाऱ्यालाच सगळे इतकं विनवताहेत हे बघून कुठल्याही माणसाला लाज वाटेल, आणि तिसऱ्या आग्रहाच्या आत मेहुणा आपणहून म्हणेल, मी राहतो. हिशेब चोख होता. फक्त तो गावातल्या माणसासाठी मांडला होता.

सगळे जमले. खजुराच्या वड्या फिरल्या, नको-नको म्हणत संपल्या. ऑरिनने घसा खाकरला.

"मी काय म्हणतो, तुम्ही आठ जण जा. मी राहतो या खेपेला."

"छे छे, तूच नाहीस तर काय अर्थ?" वेंडेल लगेच म्हणाला. एक झालं.

"नको रे. छताचं काम पडलंय." बोलता बोलता त्याला ते माहितीपत्रकातलं गवत दिसलं, सकाळच्या उन्हात लांबच्या लांब पसरलेलं. त्याने आवाज आणखी मऊ केला. "तुम्ही जा."

"ऑरिन, असं करू नकोस," आर्व्हिड म्हणाला, आणि आर्व्हिडने कुणाला आग्रह करावा हे फार मोठं होतं. "तू चल. काहीतरी मार्ग निघेल."

"नाही, खरंच नको. कशाला उगाच माझ्यामुळे."

दोन झालं. ऑरिनने मेहुण्याकडे हळूच नजर टाकली. वेंडेलने तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं.

"अरे, काय चालवलंय!" डेलमारने टेबलावर थाप मारली. "माणूस दोनदा नाही म्हणाला ना? त्याच्या मानगुटीवर काय बसलात? घर दुरुस्त करायचंय बिचाऱ्याला. शाबास ऑरिन! माझी बहीण खूश होईल."

वेंडेलचं तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्याच्या टेबलावर बसून कुणाचं बोलणं खोडून काढणं त्या घरात बसलेल्या एकाच माणसाला जमत होतं, आणि त्याचं आत्ताच बोलून झालं होतं. आर्व्हिड कपात बघायला लागला. पामरने खिडकीबाहेर बघून सांगितलं, की बर्फ जरा कमी झालाय. लॉर्नाने नवऱ्याच्या कपात न विचारता कॉफी ओतली.

"मग आता ती फुकटची जागा कुणाची?" डेलमारने विचारलं.

सात माणसं एकसाथ आपापल्या बशीतले कण टिपायला लागली.

"कुणालाच नको? मग मी घेतो." त्याने तिथल्या तिथे रिसॉर्टला फोन लावून टोळीप्रमुखाचं नाव बदलून घेतलं. मग उठता उठता खिशात हात घातला. "आणि गाडीचं काय? किती झाले?"

"राहू दे रे," ऑरिन म्हणाला. "घाई काय आहे?"

"नक्की?"

"नको, नको. कशाला आत्ता?"

"राजा माणूस!" डेलमारने पाकीट परत खिशात घातलं आणि दारात बूट चढवणाऱ्या बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "गाडी ऑरिनकडून बरं का!" त्यांनी बाहेरच्या बर्फातून हात हलवून आभार मानले. आता त्यांना पैसे पुढे करायचे म्हणजे डेलमारला खोटं पाडणं आलं.

सात जणांनी आपापले भरले. डेलमार फुकट गेला. गाडीचं भाडं भरलं ऑरिनने.