पाण्यापलीकडचं सूप

सूप चमकत होतं, पण हलत नव्हतं.

अनिताने गच्चीच्या कठड्यावरचा दिव्याचा डबा पुन्हा एकदा नीट धरला. पवना धरणाच्या पाण्यापलीकडे, तुंग किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीत, तिच्या सासूच्या दाराशी पांढरा ठिपका दिसत होता. एरवी तो उघडमीट करायचा. आज मात्र भिंतीत खिळा ठोकावा तसा एका जागी बसला होता. अनिताने मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. मग पन्नासपर्यंत. ठिपका होता तिथेच.

दिवा तिच्या नवऱ्याचा, हौशीरामचा. म्हणजे त्यानेच बनवलेला. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होता. गावात कुणाचा पंखा बंद पडला, कुणाची मोटर जळली, की हौशीराम जायचा, काम करायचा, चहा प्यायचा आणि यायचा. बोलणं कमीच. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्याच्या मनातलं कळायला अनिताला त्याच्या ताटाकडे बघावं लागे.

त्याची आई रतनबाई पलीकडच्या वाडीत एकटी राहायची. पाण्यावरून सरळ पाहिलं तर दोन किलोमीटर, पण रस्त्याने सगळं पाणी वळसा घालून जायचं तर गाडीवर तास मोडायचा. वाडीत फोनला रेंज नाही. पूर्वी दिवेलागणीला तिच्या अंगणातला बल्ब लागला की हौशीराम गच्चीवरून बघायचा आणि खाली येऊन जेवायला बसायचा. मग काठाकाठाने तंबू आले. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं आली, दोऱ्यांवर रंगीत दिव्यांच्या माळा आल्या आणि त्या झगमगाटात रतनबाईचा चाळीसचा बल्ब कुठे गेला ते कळेना. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो तासभर गच्चीवर उभा राहिला. जेवताना म्हणाला, "आज आईचा दिवा सापडला न्हाई." आणि दुसरी भाकरी त्याने घेतली नाही.

पुढच्या रविवारी तळेगावच्या भंगारवाल्याकडून तो एक भिंग घेऊन आला. जेवणाच्या ताटाएवढं, मधे फुगीर, चांगलं जड.

तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता. नखाएवढा एलईडी, तो तापू नये म्हणून त्यामागे तांब्याचा तुकडा आणि जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, हे सगळं तेलाच्या पत्र्याच्या डब्यात. पुढे भिंग. एलईडी भिंगापासून किती लांब ठेवायचा यातच सगळी मेख होती. तो रोज संध्याकाळी एलईडी सुतासुताने पुढेमागे करायचा आणि लांबच्या पाण्याच्या टाकीवर बघायचा. आधी नुसता फिकट गोळा पडायचा. एके दिवशी टाकीवर कडा कातरल्यासारखा लख्ख चौकोन उमटला. एलईडीचंच रूप होतं ते, मोठं झालेलं. त्या दिवशी हौशीराम स्वतःहून म्हणाला, "बघ ये."

"चंद्रावर जायचाय का तुमचा उजेड?" अनिता म्हणाली.

"पान्याच्या पल्याड गेला तरी बास."

चूक एकच झाली. भिंग झाकायचं राहिलं आणि दुपारच्या उन्हाने उलट दिशेने आत शिरून एलईडी जाळला. जाता जाता उडालेल्या ठिणगीने शेजारी वाळत घातलेल्या अनिताच्या नव्या साडीला रुपयाएवढं भोकही पाडलं. त्यानंतर अनितानेच त्या साडीचा पदर फाडून भिंगाला टोपडं शिवलं. "तुमच्या दुसऱ्या बायकूला नेसवा," म्हणाली. तो हसला होता, हे तिला आठवत होतं.

पण उजेड पलीकडे पोचला तरी आई बरी आहे हे कसं कळायचं? त्यावर हौशीरामने काढलेला तोडगा म्हणजे सूप. ट्रकच्या मागे लावतात त्या रेडियमच्या पट्ट्या त्याने आईच्या सुपाच्या पाठीला चिकटवल्या. दिवा दिसला की तिने दारात उभं राहून पाखडायचं. सूप वर उडालं की पाठ चमकणार, खाली आलं की विझणार.

रतनबाई आधी ऐकेचना. दिवेलागणीला सूप पाखडलं तर घरातली लक्ष्मी बाहेर जाते, हे काय शिकवायला पाहिजे का, म्हणाली. शेवटी रिकामं पाखडायचं नाही, मूठभर तांदूळ घालून पाखडायचं, दाणा खाली पडू द्यायचा नाही, या अटीवर कबूल झाली. दहा महिने झाले, रोज संध्याकाळी पलीकडे ठिपका उघडमीट करत होता आणि हौशीराम दुसरी भाकरी घेत होता.

रतनबाईला इकडे का आणलं नाही, असं गावात कुणी विचारलं की अनिता म्हणायची, आत्या येतच नाहीत. सासूला ती आत्या म्हणायची. खोटं नव्हतं ते. तिने विचारलं होतं. एकदा. भांडी घासता घासता, पाठमोरी. रतनबाई "बघू" म्हणाली होती आणि अनिताने पुन्हा विचारलं नव्हतं. पाहुण्याला चहासुद्धा आपण तीनदा विचारतो.

हा आठवडा हौशीरामची सेकंड शिफ्ट होती. शनिवार-रविवारी त्यानेच दिवा मारला होता आणि दोन्ही दिवस खाली येऊन "दिसलं" म्हणाला होता. हललं का, हे तिने विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. आज सोमवार.

तिने त्याच्या मोबाइलवर फोन लावला. तो कारखान्याच्या लॉकरमध्ये, रिंग वाजत राहिली. मग तिने दिवा तसाच पलीकडच्या दारावर रोखून त्याच्या बुडाशी दोन विटा लावल्या, पोरीला शेजारच्या शालूबाईंकडे सोडलं आणि उताराने पाण्याकडे निघाली.

गावातला धोंडिबा मासे धरायला, जाळं टाकायला होडी सोडतच होता. तिने सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं. "चमकतंय म्हंतीस, मंग म्हातारी हाय की," तो म्हणाला. पण वल्ही वल्हवायला लागला.

मधल्या पाण्यात आल्यावर त्याने समोर पाहिलं. डोक्यावरून गेलेला उजेड पलीकडच्या दारावर चांदण्यासारखा फिका पडला होता. चमक कुठेच नव्हती.

"कुटंय गं तुजं सूप?"

"हितनं न्हाई दिसायचं, भाऊ. ज्यानं उजेड टाकला त्यालाच ते माघारी देतंय. हे म्हनतात तसं."

धोंडिबाने पाय होडीच्या फळीला रोवले. वल्ही भराभर पडायला लागली.

सूप दाराशेजारच्या खुंटीला होतं, पाठ पाण्याकडे करून. आत चूल गार. रतनबाई गोधडीत मुटकुळं करून पडली होती, अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. अनिताने तिचं डोकं मांडीवर घेतलं, घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"कोन? अनिता?"

"आत्या, सूप खुंटीला का लावलंत?"

"हात उचलंना गं. शनिवारपास्नं." तिने दम घेतला. "न्हाई दिसलं तर पोरगं रातचं गाडी काढंल. धुकं पडतंय वळनावर."

अनिताने मान खाली घातली. तांदळाची मूठ सुपातून काढून चुलीजवळ वाटीत ठेवलेली होती. एक दाणा सांडलेला नव्हता.

"चला घरी," ती म्हणाली.

"बघू."

"बघू न्हाई, आत्या. चला."

रतनबाईने तिच्याकडे पाहिलं. "आत्ता इचारतीस व्हय," म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिने गोधडीतून हात बाहेर काढला, अनिताने धरावा म्हणून.

कामशेतच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. छातीत कफ होता, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, म्हणाले. हौशीराम दवाखान्याच्या बाकावर बसून होता, कारखान्याच्या कपड्यातच. पहाटे अनिताने चहा आणून दिला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला दिसलं होतं गं. दोनी दिवस दिसलं." तिने कप त्याच्या हातात नीट धरवला आणि शेजारी बसली.

रतनबाई बरी झाली, पण पाय पहिल्यासारखे चालेनात. वाडीला परत जायचा विषय कुणी काढला नाही. तिनेही नाही.

तिला घरी आणल्याला आठवडा झाला, त्या संध्याकाळी ती अनिताच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी करत गच्चीवर आली आणि खुर्चीत गोधडी पांघरून बसली. हौशीराम कठड्याशी उभा होता. त्याने भिंगावरचं टोपडं काढलं.

"कुनाला मारतोस रं?" रतनबाई म्हणाली. "मी तर हितं हाय."

तो थबकला. टोपडं पुन्हा घालायला गेला.

"ऱ्हाऊ दे. मार. मला बघू दे."

त्याने बटण दाबलं. उजेडाची काठी पाण्यावरून सरळ गेली, तंबूंच्या माळांवरून पुढे, अंधारलेल्या वाडीपर्यंत. आणि अंधारातून, खुंटीलाच राहिलेल्या सुपाचा ठिपका चमकला.

दहा महिने तिने त्या दारात उभं राहून पाखडलं होतं. तिला तिथून दिसायचा तो फक्त डोळे दिपवणारा झोत. आपलं सूप कसं दिसतं ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

"मी हाय असंच सांगतंय की ते," ती हळूच म्हणाली.

हौशीरामने बटणाकडे हात नेला. अनिताने तो मधेच धरला.

रतनबाईची नजर पलीकडे होती. गोधडीखाली तिचे दोन्ही हात मांडीवर, वीतभर अंतर राखून, वर जात होते, खाली येत होते. सावकाश. दाणा खाली पडू नये अशा बेताने.