उत्रोलीच्या गिरणीतला वजनकाटा

मी उत्रोलीच्या भातगिरणीतला जुना लोखंडी वजनकाटा. एके काळी माझ्यावर चढल्याशिवाय पोतं गाडीत जात नसे. मग बटणांचा काटा आला, मी कोपऱ्यात गेलो आणि लोक माझ्यावर चहाचे पेले ठेवू लागले.

मित्रांनो, गिरणीत चिमाजी पोती उचलायचा. बयाबाई तांदळाच्या पाट्या वाहायची, चाळायची, खडे निवडायची. चिमाजीला रोज साडेचारशे, बयाबाईला तीनशे. दिवाळीनंतर तिने मालकांना, गोरखशेठना, विचारलं, "ह्यो फरक कशाचा?"

"तो वजन उचलतो. तुमी बसून निवडता."

"मग उद्यापासनं मी येत न्हाई."

ती खरंच आली नाही. आठ दिवसांत तांदळात खडे निघाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. शेवटी गोरखशेठ सरकारी कामगार कार्यालयात मजुरीचा सल्ला विचारायला गेले. तिथल्या सुलक्षणा मॅडम स्वतः गिरणीत आल्या.

"दंड करायला नाही आले," त्या म्हणाल्या. "कुणाचं काम किती, ते मिळून पाहू. एक दिवस बयाबाईंना बोलवा."

बटणांचा काटा दुरुस्तीला गेला होता, म्हणून मला बाहेर ओढलं. मॅडमनी वीस किलोचं वजन ठेवून आधी मलाच तपासलं. मग दिवसभर जो जे उचलेल ते माझ्यावरून गेलं. संध्याकाळी आकडे निघाले. चिमाजीची पोती एकोणीसशे किलो. बयाबाईच्या पाट्या एकोणीसशे चाळीस. चाळणं, निवडणं वेगळंच.

गोरखशेठनी कागद दोनदा वाचला.

चिमाजी हळूच म्हणाला, "म्हंजे माझी मजुरी खाली येणार व्हय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "एकाची कमी करून बरोबरी करायला कायदा परवानगी देत नाही."

"पण मला परवडायचं कसं?" गोरखशेठनी विचारलं.

"निवडलेला तांदूळ तुम्ही कितीला विकता?"

"किलोमागं दोन रुपये जास्त." शेठ म्हणाले. ते दोन रुपये कुणाच्या हातचे, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

सोमवारपासून दोघांची मजुरी साडेचारशे झाली. बयाबाई आली, पदर खोचला आणि पाटी उचलली.

मित्रांनो, काट्याला तेलपाणी करत जा, तो खोटं बोलणार नाही. पण काटा आपणहून कुणाचं वजन करत नाही. बयाबाई बारा वर्षं माझ्यासमोरून पाट्या नेत होती. त्यातली एकही कुणी माझ्यावर ठेवली नव्हती.