हसवेल त्यानं जेवण घालावं

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. कुणी गेलंबिलं नव्हतं, की भांडण झालं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या, रोलांडाच्या मुलीला, शांडीनला, चौथा महिना लागत आला होता आणि ती कुठल्याही क्षणी पहिल्यांदा हसेल अशी लक्षणं होती, एवढंच.

अमेरिकेतल्या आम्हा नाव्हाहो आदिवासी लोकांत मूल हसेपर्यंत अर्धं देवांचंच असतं. खळखळून हसलं की ते माणसांत आलं. आणि त्याला ज्यानं हसवलं, त्यानं सगळ्या कुळाला जेवण घालायचं. मेंढ्या कापायच्या, आल्यागेल्याच्या हातात काहीतरी भेट ठेवायची आणि बाळाच्या इवल्या मुठीतून प्रत्येकाला मिठाचा खडा द्यायचा. त्यानं पोर दिलदार निघतं. आमच्या कुळात माणसं साठ. जेवणाचा निरोप गेला की शंभर.

एरवी या मानासाठी हमरीतुमरी होते. पण त्या वर्षी कोळशाची खाण बंद पडली होती, रोलांडाचा नवरा कामासाठी फिनिक्सला जाऊन राहिला होता, आणि पावसाच्या नावानं तर बोंबच होती. माझ्याच कळपात जेमतेम अकरा मेंढ्या उरल्या होत्या. तेव्हा जो तो बाळाला बघायला यायचा तो सुतकी चेहरा करून. आमचा लिअँडर मामा निवडणुकीच्या सभेत लोकांना हसवून लोळवतो, पण पाळण्यापाशी आला की त्याची दाढ ठणकायला लागायची. "गोड आहे हो," एवढं भिंतीकडे बघून म्हणायचा आणि बाहेर जाऊन बसायचा.

एकदा रोलांडा माझ्यापाशी रडली.

"ताई, नऊ वर्षांनी झालेली पोर माझी. आणि हिच्याकडे बघून कुणी साधं हसत नाही गं. बिचारी समजत असेल, माणसं अशीच असतात."

मला भडभडून आलं. मी म्हटलं, "मग मीच हसवते. होऊ दे काय व्हायचं ते."

रोलांडानं चटकन डोळे पुसले. "नको, ताई. तू नको."

"का?"

"हसवणाऱ्याचा स्वभाव लागतो ना बाळाला."

आता खरं ते सांगते. मी काटकसरी आहे. लोक चिक्कू म्हणतात. माझ्या मनगटात आईचं चांदीचं कडं आहे, मधोमध निळा खडा. रोलांडानं लग्नात एका दिवसापुरतं मागितलं होतं, तेव्हा माझं मनगट नेमकं सुजलं होतं आणि कडं काही निघेना. सूज दुसऱ्या दिवशी उतरली. ही गोष्ट तिनं नऊ वर्षं जपून ठेवली होती हे मला त्या दिवशी कळलं. ते जिव्हारी लागलं.

मग मी डोकं चालवलं. गॅलप शहरातून दर पंधरवड्याला एक क्यूबाचा मेकॅनिक आमच्या भागात यायचा, ओस्मेल त्याचं नाव. जाईल तिथं माणसं पोट धरून हसत. स्वतःची व्हॅन होती, चारायला एक मेंढी नव्हती. त्यातून क्यूबाच्या प्रत्येक माणसाचा एक चुलता मायामीत असतो आणि तो पैसे पाठवतो, असं मी ऐकून होते. म्हणजे गडी मालदार, मनाचा मोकळा, आणि आमच्या रीतींच्या बाबतीत कोरा. पिकअप दुरुस्त करायला बोलवायचं, जेवू घालायचं, बाळासमोर बसवायचं. आवळा देऊन कोहळा काढायचा.

पिकअपला काहीच झालं नव्हतं. सकाळी मी इंजिनातली एक जाड काळी तार उपटली, पिठाच्या डब्यात खोल खुपसली आणि ओस्मेलला फोन केला. नवी तार गॅलपहून यायला दोन दिवस लागतात. दोन दिवस हा माणूस माझा.

तो आला, बॉनेट उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, तार कुठं गेली?"

"उंदरांनी नेली असेल. फार उंदीर झालेत."

"नेतात, नेतात," तो म्हणाला. "आमच्याकडचे उंदीरही तारा नेतात. पण नेल्यावर झाकण परत नीट लावून जात नाहीत. तुमचे भलतेच शिस्तीचे दिसतात."

लिअँडर मामा उगाच खोकला. ओस्मेलनं मात्र पुढं काही विचारलं नाही. कुंपणाची हातभर तार तोडली, पाण्याच्या जुन्या नळीचा तुकडा तिच्यावर चढवला, दोन्ही टोकं वळवून बसवली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. सगळा खेळ दहा मिनिटांचा.

"पार्ट नको?" मी रडवेली झाले.

"मावशी, मी ज्या देशातून आलो तिथं पार्ट नसतोच. असता तर मी मेकॅनिक कशाला झालो असतो? दुकानदार झालो असतो."

दोन दिवसांचा बेत दहा मिनिटांत आटोपला. मी घाईघाईनं म्हटलं, "जेवल्याशिवाय जायचं नाही." मटणाचा रस्सा चुलीवर होताच, तळलेल्या भाकरी झाल्या होत्या. ओस्मेल बसला. बाळाला आमच्या फळीच्या उभ्या पाळण्यात बांधून मी बरोबर त्याच्यासमोर भिंतीला टेकवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले, म्हणजे वेळ येताच साक्षीला हजर.

पण बाबा हसवेल तर शपथ. त्यानं घरावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "नशीबवान आहात. जमीन आहे, घोडे आहेत, मटण आहे. आम्ही गरीब माणसं."

मला राग आला. माझ्या घरात बसून, माझा रस्सा ओरपून, स्वतःला गरीब म्हणवतो!

"गरीब? तू? अरे, वीज तरी होती ना तुमच्या घरात?"

"तार होती. तारेत वीज नसायची. दिवसातून चार तास आली की गल्ली टाळ्या वाजवायची."

"आमच्याकडे बघ," मी दाराबाहेर बोट दाखवलं. डोक्यावरून मोठ्या तारा फिनिक्सकडे गेल्या होत्या. "ठासून वीज भरलीय त्यात. चाळीस वर्षं बघतेय. खाली उतरायचं नाव नाही."

"म्हणजे आमच्याकडे तार आहे, वीज नाही. तुमच्याकडे वीज आहे, तार नाही."

"बरोबरी," मामानं निवाडा दिला. त्याला कुणी पंच नेमलं नव्हतं, पण खुर्ची ओढून तो जवळ आला होता.

"पाणी?" ओस्मेलनं विचारलं.

"पिंपं घेऊन जायचं, चाळीस किलोमीटर. म्हणून तर पिकअप लागतो."

"आम्हाला नळ आहे. तीन दिवसांनी येतो. आला की आजारी माणूससुद्धा बादली घेऊन उठतो. बरं, हा डाव तुमचा. डॉक्टर?"

"दवाखाना फुकट. पण दोन तासांवर, आणि नंबर लागेपर्यंत दुखणं कंटाळून निघून जातं."

"आमचा डॉक्टर शेजारच्या दारात. आईचं ब्लडप्रेशर त्याला तोंडपाठ. रोज येऊन विचारायचा, गोळी घेतली का? आई म्हणायची, कुठली गोळी? तो म्हणायचा, तेच विचारायला आलो होतो, तुमच्याकडे असेल तर मलाही एक द्या."

मामा हसला आणि लगेच तोंडावर हात दाबून बाळाकडे पाठ केली. बाळ शांतपणे बघत होतं.

"मायामीतल्या चुलत्याचं सांग," मी नेम धरला. "पैसे पाठवतो ना?"

"मला चुलता नाही, मावशी. आता घरच्यांचा मायामीतला चुलता मीच. मी पाठवतो. बायको आणि पोरगी अजून तिकडंच आहेत, त्यांना आणायचंय."

हे ऐकून मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पण हार कशी मानायची? म्हटलं, "तुमचे बाहेर गेलेले निदान पाठवतात तरी. आमचे फिनिक्सला गेलेले दर शनिवारी येतात आणि मटण बांधून घेऊन जातात."

"हा मावशीचा," पंच म्हणाले.

"पण अमेरिकेनं आमच्यावर बंदी घातलीय," ओस्मेलनं हुकमाचा पत्ता टाकला. "साठ वर्षं. आमच्याशी व्यवहार नाही, बोलणं नाही. तुमच्याशी तसं केलं?"

"आमच्याशी बोलले ना," मी म्हटलं. "गोडीत बोलले, सह्या घेतल्या. त्या करारात काय आहे ते वाच, मग बंदीच बरी म्हणशील."

ओस्मेलनं माझ्यापुढं हात जोडले. पण हरलेला गडी गप्प बसतो थोडाच?

"एक शेवटचं. आमच्याकडे सगळ्यात वाईट दिवस होते ना, तेव्हा आत्यानं तिसऱ्या मजल्यावर न्हाणीत डुक्कर पाळलं होतं. चोरून. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून दिवसभर रेडिओ मोठ्यानं लावायची, आणि रेडिओवर दिवसभर पुढाऱ्यांची भाषणं. डुकराला त्याची सवय लागली. भाषण चालू असेतो अगदी गप्प, मान हलवत ऐकायचं. एक दिवस भाषण अर्ध्यात वीज गेली. तर हे असं बोंबललं, की अख्ख्या इमारतीला कळलं. गल्लीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी समितीचा माणूस वर आला. आत्या दारातच म्हणाली, साहेब, आमच्या घरात इतकं मन लावून ऐकणारं हे एकटंच आहे. याला कापू का?"

आता, मी फारशी हसत नाही, पण हसले की गाढवं वर मान करून बघतात. समोरचे माझे दोन दात नाहीत, त्यामुळे सोबत शिट्टीही वाजते. मी जी सुटले ती सुटलेच. अंगावर रस्सा सांडला, ओस्मेलच्या पाठीत दोन गुद्दे घातले, कशीबशी डोळे पुसत मान वर केली तर समोर शांडीन. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिचे ओठ थरथरले, आणि खळ्ळकन हसली.

 पाळण्यात एकटी शांडीन हसत होती.

"यानं हसवलं!" मी ओस्मेलकडे बोट केलं. "डुक्कर याचं होतं!"

ओस्मेल गोंधळला. रोलांडानं त्याला रीत सांगितली. मेंढ्या, शंभर माणसं, भेटी, मीठ, सगळं. मला वाटलं, आता हा व्हॅनकडे पळणार. त्याचा चेहरा तर उजळला.

"म्हणजे ही माणसांत आली ती माझ्यामुळे? माझी पोरगी पहिल्यांदा हसली तेव्हा मी इथं होतो. मला फोनवर दाखवलं, तेही मधेच अडकलं." त्यानं नाक पुसलं. "मी घालतो जेवण. शंभर काय, दोनशे येऊ द्या. बायकोच्या तिकिटाचे बाजूला ठेवलेत, पुन्हा जमवीन."

माझा बेत शंभर टक्के साधला होता. आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की बाळाकडे बघवेना. त्यात रोलांडा हळूच म्हणाली, "चालेल, ताई. याचा स्वभाव लागला तर चांगलंच आहे."

झालं! माझी सगळी लाज गेली आणि डोक्यात तिडीक उठली.

"ती हसली माझ्याकडे बघून!" मी ओरडले. "डुकराचं काय कळतंय तिला? माझे दात बघून हसली. जेवण मी घालणार. आणि तू रे, त्या तिकिटाच्या पैशांना हात लावलास तर तंगडी मोडीन. तार मीच काढली होती. पिठाच्या डब्यात आहे."

"माहीत आहे," ओस्मेल म्हणाला. "भाकरी देताना तुमच्या कोपराला काळं ग्रीस होतं."

चौथ्या दिवशी जेवण झालं. अकरातल्या तीन मेंढ्या कापल्या. माणसं एकशे बारा आली. ती चार दिवसांपूर्वीपर्यंत बाळाकडे बघायला घाबरत होती, आता प्रत्येकजण येऊन मला सांगत होता, की खरं म्हणजे परवाच ती त्याच्याकडे बघून हसणार होती. ओस्मेल काळ्या घेवड्याचं पातेलं घेऊन आला. त्याच्या भेटीच्या पिशवीत मी ती तार घातली.

मग मिठाची वेळ. पाहुणा म्हणून ओस्मेल रांगेत पहिला. मी बाळाला मांडीवर घेतलं, मिठाचा खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिचा हात त्याच्या पुढं धरला.

शांडीननं मूठ मिटली.

मी गोंजारलं, फुंकर मारली, करंगळी घालून बघितली. मूठ काही सुटेना. पोरीनं भुवया अशा आवळल्या होत्या की माझीच आठवण यावी. एकशे बारा माणसांनी हळूहळू माना वळवून माझ्याकडे बघितलं.   रोलांडा तर जमिनीकडे बघत होती, आणि तेच मला सहन झालं नाही.

मी मनगटातलं कडं ओढलं. या खेपेला सूज नव्हती. एका झटक्यात निघालं. शांडीनपुढं धरलं तसा निळा खडा उन्हात चमकला, आणि तिनं दोन्ही हात उघडून झडप घातली. मीठ थेट ओस्मेलच्या तळव्यावर पडलं.

"आता खाल्ल्या मिठाला जाग," मी त्याला म्हटलं, "आणि दर पंधरवड्याला पिकअप बघून जा." त्यानं अर्धं मीठ जिभेवर ठेवलं आणि अर्धं कागदात बांधलं, पोरीसाठी. पुढचे एकशे अकरा जण बाळानं झरझर उरकले, कारण एक हात कड्यात अडकला होता आणि दुसऱ्या हाताकडे तिचं लक्षच नव्हतं.

जेवणं आटोपल्यावर रोलांडा कडं परत द्यायला आली. शांडीन सोडीना, ओढलं की रडे.

"राहू दे," मी म्हटलं. माझ्याच तोंडून निघालं ते. रोलांडा माझ्याकडे बघत राहिली, मग गळ्यात पडली आणि कधी नव्हे ती माझ्यासारखीच गाढवागत हसली.

याला आता दोन वर्षं झाली. ओस्मेलची बायको-पोरगी मागच्या हिवाळ्यात आली. कडं अजून शांडीनकडेच आहे. परत मागितलं की ती मूठ घट्ट मिटते, खदखदून हसते आणि दुसऱ्या हातातली चोखलेली भाकरी माझ्या तोंडात कोंबते.