हिरड्याखालची जागा

“महिपत, त्या गोऱ्यांच्या देवळावर छप्पर कशाचं म्हणालास?” वाडीच्या गावकराने, भागोजीने, विचारले, आणि आपल्याला अजून कोणी विचारते म्हणून महिपत खुलला.

“दगडाच्या पाट्यांचं. बापजाद्यांपास्नं थेंब गळला नाय.”

काळकाईच्या देवळात वाडीची बैठक बसली होती. वरचा पेंढा यंदाही कुजला होता. महिपत पूर्वी महाबळेश्वरात एका साहेबाकडे कामाला होता. साहेब पेन्शनीत निघाला तेव्हा म्हाताऱ्या आईच्या सेवेसाठी त्याला विलायतेतल्या आपल्या खेड्यात घेऊन गेला. दोन वर्षांनी महिपत परतला तो बूट आणि गोष्टी घेऊन. बूट एका पावसात गेले, गोष्टी मात्र पुरल्या. तिकडे देवळासमोरच दारूचा गुत्ता असतो आणि रविवारी माणसे या दारातून निघून त्या दारात शिरतात, हे ऐकून वाडी पोट धरून हसायची. देवळाच्या अंगणात यू नावाचे हजार वर्षांचे झाड होते, त्याखाली गावचे मेलेले निजत, प्रत्येकाच्या उशाशी नाव कोरलेला दगड, आणि त्या झाडाची फांदीही कोणी तोडत नसे, हेही तो सांगे. पण तोवर लोक उठलेले असत.

तो तिकडे असतानाच त्याला मुलगी झाली आणि तापाने गेली. बारसे बाप आल्यावर करू म्हणून राहिले होते, तेव्हा तिला नावही नव्हते. तुळसाने, त्याच्या बायकोने, तिला देवीच्या राईच्या कडेला जुन्या हिरड्याच्या झाडाखाली पुरले होते. दर अवसेला ती तिथे वाटीभर दूध ओतायची.

“आपल्या देवीलाबी पक्कं छप्पर हवं,” भागोजी म्हणाला. “कडंचा हिरडा इकू. महाडचा कोळसेवाला मागतोय. त्या पैशात छपराला पत्रं येतील.”

महिपत पुढे सरकला. “गावकर, तिथं माजी पोर हाय.”

मग भागोजीने शांतपणे सुचवले की देवीलाच विचारू, आणि याला नाही कोण म्हणणार? गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ लावले. उजवे पडले तर होकार. महिपत डाव्या खांद्याकडे डोळे लावून बसला. उजवे पडले.

तुळसा दारात उभी राहून सारे बघत होती. घरी जाताना ती एवढेच म्हणाली, “तुमाला गप बसवत नाय.”

कोळसेवाल्याच्या माणसांनी मुळेसुद्धा सोडली नाहीत. खणून नेली आणि जमीन सपाट करून गेली. देवळावर पत्रे चमकू लागले. भागोजीने नारळ फोडला आणि पहिला प्रसाद महिपतच्या हातावर ठेवला, कारण ही अक्कल त्याच्याच गोष्टींतून आली होती. महिपतने तो मुकाट्याने खाल्ला. आयुष्यात इतके कडू खोबरे त्याने खाल्ले नव्हते.

पुढच्या अवसेला तुळसा दुधाची वाटी घेऊन निघाली. महिपतने ओढ्यातला एक कोरा दगड खांद्यावर घेतला आणि तिच्या मागोमाग गेला.

“कुठं ठेवू गो?”

मोकळ्या मातीत तुळसा थोडी इकडे गेली, थोडी तिकडे. “हितं व्हती,” ती म्हणाली. मग वाकून बघितले. “नाय. हितं नाय.”

ती पुन्हा शोधू लागली. महिपत दगड खांद्यावर घेऊन उभाच राहिला.